वाकून बांध

सेतुबालच्या उतारावर सकाळी आठला
ग्रासिएतचे गुडघ्यांचे पॅड
तिसऱ्यांदा नडगीवर आले.
बांधले तेव्हा होते बरोबर वाटीवर.
मग चार पावलं, दोन उठबशा,
वाळूची एक बादली आणेपर्यंत
पट्टा पोटरीच्या उतारावरून
घसरगुंडीवरच्या पोरासारखा खाली.

आणि जमिनीवर चुनखडीचा तुकडा,
मुठीएवढा, हातोडीने आत्ताच फोडलेला,
कड अजून ताजी.
तो काय पॅड कुठवर आलाय बघत बसतो?
त्याला गुडघा सापडतो,
उघडा.

तिने पट्टा आवळला. आणखी आवळला.
दहा वाजता तळव्यांना मुंग्या,
अकराला पाऊल कुणा परक्याचं.
सैल केला. परत नडगीवर.
मग विजारीवरूनच चिकटपट्टी, तीन वेढे,
जेवणाच्या सुट्टीत ती ओरबाडून काढली
तर विजारीचा निळा रंग
पट्टीबरोबर निघून आला.

गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले
पुष्कळ पाहिलेत आपण,
पण ते बाशिंग
दिवसभर जागेवर कसं राहायचं
हे कुणी सांगितलं नाही.

आदेलिनो शेजारी, वीतभर उंचीच्या स्टुलावर.
वय एकसष्ट. चाळीस वर्षं फूटपाथ जडवलेले,
काळ्या दगडाच्या लाटा, पांढऱ्या दगडाचं पाणी.
उजवा गुडघा त्याला पावसाची खबर देतो,
डाव्याने बोलणंच सोडलंय.
सकाळपासून बघत होता. सार्डिनचा शेवटचा काटा
कागदात गुंडाळून म्हणाला:

"उभी राहून बांधतेस.
उभी राहून दगड बसवतेस का?"

"खाली बस. टेकव.
आता बघ, हा तोच गुडघा नाही.
वाकला की रुंद होतो, मांडी फुगते,
मागे कापडाला चुण्या पडतात.
या गुडघ्याचं माप घे.
एक पट्टा वाटीच्या वर, एक खाली, मागे फुली.
पण फुली खोबणीत नको, तिथे शीर असते,
जरा खाली घे, पोटरी सुरू होते तिथे.
एक बोट आत गेलं पाहिजे.
दोन गेली, तर परत नडगी."

आणि खिशातून काढल्या काळ्या पट्ट्या,
सायकलच्या ट्यूबच्या, कात्रीने कापलेल्या,
कडा वाकड्यातिकड्या.
"या पॅडच्या आत, कापडाला लागून.
रबर कापडाला धरतं."

"कुणाची सायकल?"
"होती एकाची," तो म्हणाला
आणि हातातला दगड उगाच फिरवून बघितला,
चारी बाजूंनी, जणू त्यालाच विचारलं होतं.

दुपारभर ती लाट पुढे सरकली.
काळा, काळा, अर्धा काळा, पांढरा.
टिचकी, वाळू, टिचकी.
बंदराकडून भोंगा झाला तेव्हा
तिच्या लक्षात आलं
की दोन तास तिला गुडघे नव्हतेच.

अक्कल गुडघ्यात आहे म्हणून हिणवतात.
असेल. चाळीस वर्षांत
थोडी थोडी तिथेच उतरत असेल,
आणि डोक्याला कळायच्या आत
झिजतही असेल.

साडेपाच. तिचे तीन दगड राहिले होते.
आदेलिनोला उठायचं होतं.
उठताना तो नेहमी भिंत शोधतो,
आज काम भिंतीपासून लांब आलं होतं.
त्याने काही विचारलं नाही,
तिच्या खांद्यावर हात ठेवला
आणि सगळा भार दिला,
चाळीस वर्षांचा, एका बाजूचा.

ती हलली नाही.
खाली, रबराच्या फुलीत,
काहीच घसरलं नाही.

तो उभा राहिला.
मग तिने उरलेले तीन बसवले.